सायझिंगमधला भावमेळ

त्या शनिवारी सायझिंगच्या दारावर फळा लागला होता : 'आज संताप. शेवटी आनंद. नाजूक मनाच्यांनी मागे उभं राहावं.' गाणी कुठली, याची चौकशी इचलकरंजीत आता कोणी करत नसे. आज काय वाटून घ्यायचंय, एवढंच लोक विचारत आणि तिकीट काढत. जुन्या सायझिंग कारखान्याच्या वरच्या मजल्यावरचं हे गोदाम. कधीकाळी इथे सुताला खळ लावायचे, आता पंक आणि रॉकवाली पोरं भिंती हादरवत होती. खाली उतरायला एकच जिना, तोही अरुंद.

जिनगोंडा मगदूम त्या दिवशी पहिल्यांदाच तो जिना चढून आले. त्यांची मुलगी शलाका 'तिडीक' या बँडची गायिका. ती इतकी वर्षं गात होती आणि तिचे आण्णा इतकी वर्षं "चाललीस कोकलायला?" एवढंच म्हणत होते. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, इस्त्रीचा शर्ट घालून, दुखरा गुडघा सांभाळत हजर! शलाकाला इतका आनंद झाला की तिने त्यांचा हात धरून त्यांना थेट डॉ. नसीमा मुजावरांच्या केबिनमध्ये नेलं.

नसीमा मेंदूशास्त्रज्ञ. हॉलच्या मागच्या टोकाला तिची काचेची केबिन होती. काचेत तांब्याची बारीक जाळी होती, त्यामुळे बाहेरचा भावमेळ आत शिरत नसे.

"बाई, म्हंजे हिच्या डोस्क्यातलं माझ्या डोस्क्यात येणार?" आण्णांनी विचारलं.

"विचार नाही येत काका, भावना येते," नसीमा म्हणाली. "एकानं जांभई दिली की शेजारच्याला येते का नाही? भीतीचं, रागाचं तसंच असतं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, तिथं हे सगळं पेटतं. शलाकाच्या गळ्यातला पट्टा तिचा बदाम वाचतो. फरशीखाली तारांची वेटोळी आहेत, ती तुमच्या बदामाला तशीच हळू ढोसणी देतात. तिला राग आला की अख्ख्या हॉलला येतो. यालाच आम्ही भावमेळ म्हणतो."

"आणि लोकांचं हिला?"

"तेही जातं. त्यांचा आनंद फिरून हिच्याकडे येतो. म्हणून तर रंगत चढते."

मग आण्णांनी नेमकं तेच विचारलं, जे विचारलेलं नसीमाला आवडत नसे. "आणि ही घाबरली तर?"

नसीमाने काचेतून जिन्याच्या दाराकडे पाहिलं. "एका शहरात झालं होतं तसं. गायकाला वर दिव्यापाशी ठिणगी दिसली. क्षणभरच दचकला बिचारा. सगळा हॉल दाराकडे धावला. आग लागलीच नव्हती काका, माणसं मात्र चेंगरून गेली. तेव्हापासून गाणाऱ्यांना भीती दाबायला शिकवतो. ती उठली की तिथल्या तिथं विझवायची. हिला छान जमतं."

"मग बटण बंद करायचं की!"

"एकदम बंद केलं तर मेंदू हबकतो, आणि ते हबकणं म्हणजे भीतीच. हळूहळू उतरवावं लागतं. एक गाणंभर वेळ जातो."

"नसता उद्योग," आण्णा पुटपुटले.

शलाका हसली. "आण्णा, तुम्ही आपलं मागं थांबा. पुढं लई धक्काबुक्की असते."

"मागनं काय दिसणार? पोरीचं तोंड बघायला आलोय मी."

"आणि पडलासा म्हंजे?"

"तूच सांगतीस न्हवं, पडलेल्याला उचलत्यात म्हणून?"

ते खरं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, ही पोरं एकमेकांना मारतायत. पण खांद्याला खांदा आदळत नाचणाऱ्या त्या गर्दीचा एक कडक नियम होता : कोणी पडला की "उचला!" अशी हाळी द्यायची आणि जवळच्यांनी नाच थांबवून त्याला उभं करायचं. नवं पोरगं आलं की पहिलं हेच शिकवायचे. भावमेळ येण्याच्या कितीतरी आधीपासून हा नियम होता आणि आजवर तो कोणी मोडला नव्हता. शलाकाचा त्यावर देवावर असावा तसा विश्वास. तिने आण्णांना पुढे उभं केलं, स्टेजच्या अगदी समोर.

आधी दोन बँड वाजवून गेले. मग 'तिडीक' आला. पहिल्या गाण्याला हॉल रागाने नुसता धुमसत होता. आण्णांनी मूठ वर केलेली शलाकाला दिसली. आयुष्यभर मालकापुढे मान खाली घालून माग चालवलेला माणूस दात-ओठ खाऊन ओरडत होता! तिला भरून आलं. ते भरून येणं सगळीकडे पसरलं आणि पोरं अनोळखी पोरांच्या गळ्यात पडली. शेवटच्या आनंदाच्या गाण्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे उजळून गेले होते.

तेवढ्यात आण्णांचा गुडघा लचकला. ते खाली गेले आणि गर्दी त्यांच्यावर मिटली.

शलाका घाबरली. त्याच क्षणी शेकडो माना दाराकडे वळल्या. जिन्याजवळची एक मुलगी रेलिंगवर ढकलली गेली, कोणीतरी किंचाळलं.

"शलाका, नको!" नसीमाचा आवाज तिच्या कानातल्या यंत्रात फुटला. "दाराकडं बघ! सगळे मरतील! मी उतरवायला घेतलंय, तोवर भीती दाब. दाब गं बाई!"

शलाकाने दाबली. शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला, सूर धरला, भीती विझवली. माना परत वळल्या. चेहरे पुन्हा उजळले.

"उचला!" ती माइकवर म्हणाली. "पुढं माणूस पडलाय. उचला!"

"उचला!" अख्खा हॉल तिच्यामागून ओरडला आणि उड्या मारत राहिला.

त्यांना ऐकू आलं होतं. समजलंही होतं. पण आजवर पडलेल्याला उचललं होतं ते नियमामुळे नव्हे. माणूस पडलेला दिसला की बघणाऱ्याच्या काळजात धस्स होई, आणि त्या धस्स होण्याने हात पुढे जाई. इतकी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. नसीमाच्याही नाही. आता ते धस्स होणंच हॉलमधून काढून घेतलं होतं.

काचेआड नसीमा एका हाताने भावमेळाचा खटका इंच-इंच खाली आणत होती आणि दुसऱ्या हाताने काच बडवत होती. खटका सोडून धावली तर हॉल हबकणार होता. "उतर खाली! शलाका, तू उतर! उचल त्यांना!" ती ओरडत होती.

शलाका स्टेजच्या कडेला होती. दोन पावलं आणि एक उडी. तिने खाली पाहिलं. बुटांच्या मधून आण्णांचा चेहरा दिसला. ते हसत होते. त्यांनी छातीवर हात आडवा धरला नव्हता, हाक मारत नव्हते. तेही भावमेळातच होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि गाणं पुरं केलं.

खटका शून्यावर आला तेव्हा हॉलमध्ये एकच आक्रोश उठला. मग मात्र सगळे वाकले. इतके हात पुढे आले की आण्णांना कोणी उचललं हेच कळेना. जिना रिकामा करून त्यांना खाली नेलं. डॉक्टरांनी तपासायची गरजच नव्हती.

हॉस्पिटलच्या आवारात पोरं रडत बसली होती. जाड बुटांचा एक दांडगा मुलगा शलाकापुढे येऊन उभा राहिला. "ताई, मी बघत होतो ओ. पायाखाली माणूस हाय, हे मला दिसत होतं," म्हणाला आणि हुंदके देत निघून गेला.

नसीमा तिच्याजवळ बसली. "तू शेकडो माणसं वाचवलीस," ती म्हणाली. "आणि काकांना भीती नाही वाटली. खरं सांगते, त्रासही फारसा जाणवला नसेल."

"मलापण नाही जाणवला," शलाका म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही उतर म्हणालात ते मला ऐकू आलं. उतरता आलं असतं. पण उतरावं असं वाटलंच नाही. माझ्या बापाच्या छातीवर लोक नाचत होते आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं."