आमच्या दाराचं पान

बी.एड.च्या फॉर्मवरून बाबांशी वाजलं आणि रागाच्या भरात मीच बोलून बसले, "रविवारी संध्याकाळपर्यंत माझी साइट पूर्ण करते. नाही झाली, तर मुकाट्यानं बी.एड. करेन."

पेपरातून मान वर न करता बाबा म्हणाले, "दोन वर्षं उद्या-उद्याच चाललंय तुझं."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. साइट साधीच होती. अक्कलकोट ते सोलापूर रस्त्यावरच्या जुन्या दारांचे मी काढलेले फोटो, एकेका दाराचं एकेक पान. काम अर्धवट होतं, म्हणून सुरुवातीच्या पानावर मी अनसूया आत्याच्या अक्कलकोटच्या दाराचा फोटो लावून ठेवला होता. त्या दारावर खडूनं कानडीत लिहिलेलं असतं, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. भर दुपारी ओळखीच्या आवाजात हाक मारत ‘ती’ येते, ओ दिली की माणूस संपला; पण हे वाचलं की परत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्या अजून दर अमावस्येला ती अक्षरं गिरवते. मला त्या खुळाचं हसू यायचं. पण न झालेल्या साइटला याहून भारी पाटी कुठून मिळणार?

रविवारी आईबाबा लग्नाला कुर्डुवाडीला गेले होते. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. कूलरच्या घरघरीत, वाळ्याच्या ओल्या वासात मी शेवटचं पान जोडलं. आमचं स्वतःचं, सोलापुरातलं दार. मग आत्याच्या दाराचा फोटो काढून टाकला. झाली साइट.

किती जण बघतात ते सहज उघडून पाहिलं. दोन वर्षं रोज दुपारी कुणीतरी एकच जण येत होतं, पहिलं पान बघून परत जात होतं. आणि आत्ता ते साइटवर होतं.

वरद. दुसरं कोण? आत्याच्या या मुलाला माझी फजिती करण्यात भारी रस. मी आत्याला फोन लावला.

"वरदला म्हणावं, चाळे बंद कर."

"तो झोपलाय की गं माझ्यासमोर. काय केलं त्यानं?"

मी सांगितलं.

"तो फोटो काढलास? परत लाव आधी."

"आत्या, ती साइट आहे, गल्ली नाही. आणि परत लावला तर मी पैज हरते."

"हर की मग. बी.एड. करून कुणी मरत न्हाय."

पडद्यावर तो पाहुणा अक्कलकोटच्या दारांवरून वळसंगच्या दारावर आला होता. मग कुंभारीच्या. रस्त्यात गावं लागतात, त्याच क्रमानं. घाई नव्हती. प्रत्येक दारापाशी तो थांबत होता.

लाइट गेली. कूलर थांबला आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर चालूच होता. पाहुणा शेवटच्या पानावर आला. आमचं दार…

वाळ्याचा वास विरला. आता ओल्या खडूचा वास येत होता.

"भार्गे…" दाराबाहेरून आत्या म्हणाली. "उघड की गं… ऊन लई लागतंय."

कानाला लावलेल्या फोनमध्ये आत्या कुजबुजली, "ओ देऊ नकोस… मी हितंच हाय, अक्कलकोटात."

मी फोटो परत लावला. साइट पुन्हा अर्धवट झाली. बाहेर हाक आली, या वेळी दाराच्या फटीतून… मग लाकडावर काहीतरी घासत राहिलं. मग तेही थांबलं. साइटवर कुणी नव्हतं.

संध्याकाळी बाबा मोबाइलवर साइट बघत हसतच आले. "हरलीस ना? आणि दारावर कानडी काय खरडलंयस? ताईचं खूळ तुलाही लागलं?"

मी बाहेर धावले. पांढरी, ताजी अक्षरं. ‘नाळे’ एवढं ओळखू आलं. आत्यानंच कुणाला तरी पाठवून लिहून घेतलं असणार. तसंच असू दे, असं वाटत होतं. फोटो काढून तिला पाठवला आणि फोन केला.

"तूच लिहून घेतलंस ना?"

"न्हाय गं. आणि हे ‘नाळे बा’ न्हाय… ‘नाळे बरतीनी’ लिहिलंय."

"म्हणजे?"

"उद्या येते."

आतून बाबांचा चिडका आवाज आला. "भार्गवी, शेजारच्या रंभाबाई सांगत होत्या, दुपारी ताई दारात उभी राहून हाका मारत होती आणि तू ओसुद्धा दिली नाहीस. उद्या आम्ही दोघं ऑफिसात असू. ती परत आली, तर दार उघड."