श्वासछिद्र

सोलापुरातला एकमेव समुद्र तिसऱ्या मजल्यावर होता. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. सोसायटीच्या दप्तरात त्याची नोंद 'शोभेची वस्तू' अशी होती.

प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक मालिनी कुंभोजकर यांनी तो अकरा वर्षांपूर्वी घरीच बांधला होता. काचा त्यांनी स्वतः सिलिकॉनने जोडल्या, मिठाचं प्रमाण स्वतः जमवलं आणि नळकामासाठी सिद्राम म्हेत्रेला बोलावलं. सिद्रामने तोवर फक्त न्हाणीघरं केली होती. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता, पण त्याच्या मते दोन्हीकडे तत्त्व एकच होतं: पाणी खाली जातं.

त्या काचेच्या पेटीत दोन वाणांची प्रवाळं होती, एक तांबूस, एक हिरवा. खऱ्या समुद्रात आता प्रवाळ उरलं नव्हतं. हवेतला कार्बन पिऊन पिऊन त्याचं पाणी इतकं आम्लधर्मी झालं होतं, की चुन्याचा सांगाडा त्यात टिकत नसे. उरलं होतं ते जतनकेंद्रात आणि परवाना असलेल्या एकतीस घरांत. तेही कलमांच्या रूपात. फांदी तोडायची, दगडावर चिकटवायची, वाढली की पुन्हा तोडायची. एकोणीस वर्षांत एकाही प्रवाळाने पिल्लू दिलं नव्हतं. एका कलमाला जो रोग मारेल तो त्या वाणाच्या सगळ्या कलमांना मारणार होता.

म्हणून केंद्राने नियम केला. मुदतीत नवी पिढी दाखवा. नाहीतर पेटी बंद आणि प्रवाळ शीतकोठारात. शीतकोठारातून जिवंत बाहेर आलेलं प्रवाळ अजून कुणी पाहिलं नव्हतं. कागदोपत्री मात्र ती सगळी हयात होती.

नियम येताच एका परवानाधारकाने फांद्यांचे बारीक तुकडे डिंकाने चिकटवून पिल्लं म्हणून दाखवले. तेव्हापासून तपासणीआधी चार महिने पेटीचं झाकण लाखेने सील होऊ लागलं. आत हात घालायचा नाही, घासायचं नाही, पुसायचं नाही.

मे महिन्यातल्या त्या दुपारी केंद्राचे डॉ. श्रीनिवास नाडगौडा तासभर पेटीसमोर स्टुलावर बसून होते. आधी त्यांनी सील पाहिलं. मग एकेक फांदी भिंगातून.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. पण नवीन काही नाही."

मालिनीबाईंनी मान हलवली. अकरा वर्षांत त्या एक रात्रसुद्धा गावाला गेल्या नव्हत्या. हे सांगायला तक्त्यात रकाना नव्हता.

"गाडी सोमवारी येईल," नाडगौडा म्हणाले. "तांत्रिक वर्णन तेवढं भरून घेतो. ही नळी कसली?"

"परतनळी," कोपऱ्यात बसलेला सिद्राम म्हणाला. "पेटीचं पाणी काठावरनं खाली तळटाकीत पडतंय. तितं गाळलं, की पंप या नळीतनं वर ढकलतोय. वरचं खाली, खालचं वर. दिवसभर."

"आणि वीज गेली की?"

"तितंच तर सगळं हाय की ओ! पंप बंद झाला, की हीच नळी उलटी प्यायला लागतीया. वक्रनळी. वरचं टोक पाण्यात बुडलेलं, म्हणून पेटी सगळी खाली ओढून घेणार. तळटाकीत एवढं मावतंय व्हय? म्हणून पाण्याखाली एक बोटभर, नळीला भोक पाडलंय. चार मिलिमीटर. पाणी एक बोट उतरलं, की भोक उघडं पडतंय, नळी हवा पिती, धार तुटती."

"श्वासछिद्र म्हणतो आम्ही," मालिनीबाई म्हणाल्या. "वीज गेली की चुळुक आवाज येतो. तो आला की मी निश्चिंत होते. काल मात्र फार उशिरा आला. म्हणून याला बोलावलं."

"शेवाळ धरलं असणार," सिद्राम म्हणाला. "आठवड्याला टाचणीनं साफ करायच्या मॅडम. चार महिनं तुमचं सील हाय."

नाडगौडांनी 'नवी पिढी' या शब्दांपुढे पेन टेकवलं, तेवढ्यात दोन वाजले आणि वीज गेली. सोलापुरात हे दोन्ही एकाच वेळी होत असे: वीज जायची दुपारी दोन ते चार आणि पुन्हा संध्याकाळी सात ते नऊ.

पंप थांबला. तिघंही आवाजाची वाट पाहू लागले.

पाणी एक बोट उतरलं. मग दोन बोटं. आवाज आला नाही. तळटाकी काठोकाठ भरली आणि पाणी शांतपणे फरशीवर आलं.

"तुंबलं!" सिद्राम उठला. "साहेब, तुमच्या फायलीची टाचणी द्या. झाकण काढा!"

"सील मोडता येणार नाही. सील मोडलं तर तपासणीच रद्द."

"अहो, रद्द काय रद्द? नळीचं तोंड तळाला हाय. सगळी पेटी उघडी पडंल!"

तांबूस वाणाची टोकं पाण्याबाहेर आलीच होती. खालच्या मजल्यावरून आंबुऱ्यांचा आवाज चढला, "मॅडम! ओ मॅडम! वरनं खारं पाणी गळतंय! सोफ्यावर!"

"मोड सील," मालिनीबाई म्हणाल्या. "सोमवारी जाणारच आहेत, तोवर तरी जगू देत. थांब, भोक नेमकं कुठंय ते बघते." त्यांनी नाडगौडांच्या हातातलं भिंग घेतलं आणि काचेला टेकवलं. सिद्रामचा अंगठा लाखेवर होता.

"सिद्राम, हात काढ."

"मॅडम, पाणी..."

"हात काढ म्हणते ना! टाचणी लावायची नाही त्याला. नळी काप. बाहेरून, काठाच्या वर. सील पेटीला आहे, नळीला नाही."

सिद्रामने पिशवीतून करवत काढली. सात-आठ हात मारताच नळी फुस्सकन हवा प्याली आणि धार तुटली. मालिनीबाईंनी भिंग नाडगौडांपुढे धरलं.

श्वासछिद्राच्या काठावर शेवाळ नव्हतं. पाच पांढरट ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. पाणी अंगावरून गेल्यामुळे ते आक्रसले होते. नाडगौडांनी बराच वेळ श्वास रोखून पाहिलं. नळीवरून ओघळलेला एक थेंब त्या ठिपक्यांवर आला, तेव्हा त्यातल्या एकाने बारा बारीक बोटं बाहेर काढली.

"कुणीतरी चिकटवली असतील," नाडगौडा म्हणाले. पण ते स्वतःलाच तपासत होते. मग त्यांनी सील पाहिलं. ते अखंड होतं.

"कलम आपणहून भोकात जाऊन बसत नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "तरंगणारं डिंभच, म्हणजे प्रवाळाचं पिल्लूच, येऊन बसतं. त्याला असली सांदीच लागते. आठवड्याला मी टाचणी घालत होते. अकरा वर्षं."

त्या खुर्चीत बसल्या.

"पण आमच्याकडे का नाही झालं?" नाडगौडांनी विचारलं. "आमच्याकडे काय कमी आहे?"

"तुमच्याकडे वाण किती टाक्यांत ठेवता?"

"वेगवेगळ्या. संसर्ग नको म्हणून."

"माझ्याकडे एकच पेटी. दुसरी मावली नाही. आणि दिवे?"

"चोवीस तास. कॅमेऱ्यांसाठी."

"पौर्णिमेनंतर सूर्य मावळतो आणि चंद्र उगवायचा असतो, तेवढा अंधार पडला की प्रवाळं बीज सोडतात. तुमच्याकडे अंधारच पडत नाही. इथं वीजमंडळ पाडतं. आणि ते बीज दुसऱ्या वाणाला भेटावं लागतं." त्यांनी पदराने भिंग पुसलं. "बाकी मी काही केलं नाही, डॉक्टर. केलं नाही म्हणूनच झालं."

सिद्राम कापलेली नळी रबरी जोडाने सांधत होता. "वर हवेची झडप बसवतो," तो म्हणाला. "भोक ऱ्हाऊ दे त्यास्नी."

नाडगौडांनी 'नवी पिढी' या शब्दांपुढे 'आहे' लिहिलं. मग त्यांनी पान उलटलं आणि थबकले. यशस्वी पेटीला केंद्राकडून सुविधा देण्याची तरतूद होती: अखंड वीजपुरवठा, चोवीस तास प्रकाशासह चित्रण, प्रत्येक वाणाला स्वतंत्र टाकी आणि आठवड्याला एकदा सर्व छिद्रांची सफाई.

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मालिनीबाईंचा हात नकळत पेटीच्या काचेवर गेला.

"हे आपोआप लागू होतं?"

"तपासनिसाच्या शिफारशीनुसार," नाडगौडा म्हणाले.

खालून आंबुरे बादली घेऊन जिना चढत होते. नाडगौडांनी पेनचं टोपण काढलं आणि शिफारशीच्या रकान्यात, केंद्रातल्या आपल्या बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, नीट विचार करून लिहिलं:

'या पेटीस कोणतीही सुविधा देण्यात येऊ नये.'