निमियाचा लांब कागद

ब्लास, थर्मासमधलं गरम पाणी ओत आणि तो गुआंपा, माटे प्यायचा पेला, इकडे दे. हसायचं असेल तर दोघांनी आत्ताच हसून घ्या. उद्यापासून तुम्ही देर्लिसच्या हाताखाली कामाला जाणार, म्हणून सांगतोय. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेलं पोर ते. खोटं बोलत नाही, बोलायला गेला तर लगेच पकडला जातो.

गेल्या वर्षीची गोष्ट. जूनची आठ तारीख, शनिवार. आपल्या दूध सोसायटीत नवा सर्व्हर आला होता. जुनाही चालूच. अर्धी टेबलं जुन्यावर, अर्धी नव्यावर, आणि प्रिंटर सगळ्यांत मिळून एक. जुन्यावरून पाठवलेले कागद निघायचे, नव्यावरून एकही निघेना. सोमवारी पहाटे दुधाच्या गाड्या येणार, पावत्या तर हव्यातच. म्हणून देर्लिस संध्याकाळी सातला एकटाच तिकडे गेला.

खरं तर हे काम दोघांचं. एकानं आत बसून कागद पाठवायचा, दुसऱ्यानं बाहेर प्रिंटरपाशी उभं राहायचं. पूर्वी त्याची बायको निमिया तिथेच कारकून होती. ती आतून पाठवायची आणि भिंतीपलीकडून ओरडायची, "आला का?"

हा म्हणायचा, "आला." नाही आला तर ती म्हणायची, "त्या यंत्राला तुझा आळस लागलाय बघ." अख्खी सोसायटी हसायची.

त्या रात्री हाच आत जाऊन पाठवत होता आणि हाच बाहेर येऊन बघत होता. नऊच्या सुमारास घोळ सापडला. जुन्या सर्व्हरवर त्या एकाच प्रिंटरच्या छपाईच्या दोन रांगा होत्या, एक साध्या कागदाची, एक लांब लीगल कागदाची. लांब रांग आता कोणी वापरतच नव्हतं. नवा सर्व्हर जोडणाऱ्यानं तो चुकून नेमका तिलाच जोडला होता. तिथे पहिलाच कागद अडकलेला, बाकीचे सगळे त्याच्यामागे खोळंबलेले.

पहिल्या कागदापुढे नाव होतं निमियाचं. तारीख आदल्या वर्षीच्या मार्चमधल्या एका शुक्रवारची. मथळा, रजेचा अर्ज.

तो शुक्रवार मला माहीत आहे रे. तिच्या छातीत दुखत होतं, तपासायला राजधानीत, असुन्सिओनला जायचं होतं. रजेचा अर्ज तेव्हा लांब कागदावरच द्यावा लागायचा, आणि तिचा अर्ज निघेना. तिनं देर्लिसला फोन केला. हा दुसऱ्या गावी कामावर. म्हणाला, "सोमवारी येऊन बघतो." रजेशिवाय जायची नाही असली बाई ती, थांबली. रविवारी रात्री वारली. तेव्हापासून हा माणूस कुणालाच सोमवारचा वायदा करत नाही.

अर्ज उघडून वाचता येत नव्हता. छापायचा तर लांब कागद हवा. त्यानं सगळी कपाटं उपसली, पण सोसायटीनं तो कागद मागवणंच बंद केलं होतं. शेवटी सव्वाअकराला, रांग मोकळी करायला, रडत रडत त्यानं तो अर्ज पुसून टाकला. नवा सर्व्हर साध्या रांगेला जोडला. प्रिंटरपाशी आला. पावत्या नीट निघत होत्या. काम झालं होतं. आतला दिवा त्यानं येतानाच बंद केला होता.

मग...

भिंतीपलीकडून आवाज आला.

"आला का?"

देर्लिस उभाच. आत कोणी नव्हतं.

"आला का?"

"नाही..." तो म्हणाला. "नाही आला, निमिया. मी त्याच दिवशी यायला हवं होतं."



प्रिंटर फिरला. एक कागद बाहेर आला. लांब.

रजेचा अर्ज. खाली तिची सही. त्यानं सहीवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती. निळी.

त्यानं खिशातलं पेन काढलं. सहीखाली लिहिलं, रजा मंजूर. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आला गं."

पलीकडून पुन्हा काही आलं नाही. तो उजाडेपर्यंत तिथेच बसून होता.

तो अर्ज मी पाहिलाय. त्या प्रिंटरमध्ये काळ्याखेरीज दुसरा रंग कधीच नव्हता. उद्या देर्लिस तुमच्याशी हात मिळवेल. उजव्या अंगठ्यावर निळा डाग दिसेल. वर्ष झालं, साबणानं जात नाही.

त्याबद्दल त्याला काही विचारू नका.