गाडीने धरलेली रांगोळी

सरळसोट रस्ता, लख्ख सकाळ, समोर चिटपाखरू नाही. तरी बाबांची गाडी डावीकडे वळली आणि देवळाच्या पारावर आदळली. का बरं? विचार करकरून मैथिलीचं डोकं भणभणून गेलं होतं. गावाने मात्र उत्तर केव्हाच ठरवून टाकलं होतं. ड्रायव्हर सुदाम, म्हणजे तिचे बाबा, डुलकी काढत होता, दुसरं काय!

गाडी दवाखान्याची, नव्या जातीची. हमरस्त्यावर तिचं स्टिअरिंग आपलं आपणच फिरायचं, बाबांनी फक्त लक्ष ठेवायचं. आता बाबा पाय मोडून त्याच दवाखान्यात खाटेवर पडले होते. नोकरी जायच्या बेतात होती. त्याहून वाईट म्हणजे तेही म्हणायला लागले होते, "लागला असेल गं माझा डोळा." ते ऐकलं की मैथिलीला रडू फुटायचं.

चौथ्या दिवशी उल्कामावशी आली. अशा गाड्यांची सुरक्षितता तपासायची हेच तिचं काम, आणि या गाडीला तिनेच पास केलं होतं. चहासुद्धा न घेता ती मैथिलीला घेऊन रस्त्यावर गेली.

"कडेला हे पांढरं काय गं?"

"रांगोळी. पाडव्याच्या शोभायात्रेची, अपघाताच्या आदल्या संध्याकाळीच काढलेली. आम्ही सगळ्याजणी वेशीपासून देवळापर्यंत दोन्ही कडांनी पट्टे ओढतो ना दरवर्षी."

मावशी वाकून तो पट्टा निरखू लागली.

"या गाडीत मार्गिका-रक्षक आहे (गाडीला आपल्या पट्ट्यातून ढळू न देणारी यंत्रणा)," ती म्हणाली. "कॅमेरा रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा शोधतो आणि संगणक गाडीला त्यांच्या मधोमध ठेवतो. इथला रंग कधीच उडालाय. रांगोळी ताजी, ठळक. गाडीला काय, रेष ती रेष."

"आणि आमचे पट्टे इथे देवळाकडे वळतात," मैथिली हळूच म्हणाली.

"पावसात तपासली, धुक्यात तपासली, पुसट रेषांवर तपासली. रांगोळी काही सुचली नाही मला. रोज दारात काढते मेली, तरी नाही सुचली." मावशीने बोटाने रांगोळीची रेष पुसली. "यंत्र कधी ना कधी चुकणारच गं. चुकण्याआधी 'मला खात्री नाही, स्टिअरिंग धरा' असं ते वेळेवर सांगतं का, हे बघायचं असतं. गाडी नीट चालली की माणसाचं लक्ष सैल पडतं. त्याला सावरायला काही सेकंद तरी लागतात. ही गाडी गप्प राहिली आणि देवळाचा पार तर पट्टे वळतात तिथे लागूनच. तुझ्या बाबांना ते सेकंद मिळालेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी बायकांनी शाळेच्या मोकळ्या मैदानावर तसेच पट्टे ओढले. पाराच्या जागी गवताच्या पेंढ्या रचल्या. तशाच दुसऱ्या गाडीत मावशी स्वतः बसली, पाय ब्रेकवर ठेवून. गाडी सरळ निघाली, रांगोळीबरोबर वळली आणि इशाऱ्याचा एकही आवाज न करता पेंढ्यांवर चालून गेली. मावशीने कचकन ब्रेक दाबला. जमलेलं गाव माना खाली घालून उभं राहिलं.

मावशीने तिथल्या तिथे कंपनीला फोन करून त्या जातीच्या सगळ्या गाड्यांचं स्वयंचलित स्टिअरिंग बंद करायला लावलं. यापुढे रांगोळीची परीक्षा झाल्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर येणार नव्हती. जिथे गाडी धावणार, तिथल्या माणसांना आधी विचारायचं, असंही तिने ठरवलं.

मैथिली धावत दवाखान्यात गेली. "बाबा, गाडी रांगोळीमागे वळली, तुमच्या झोपेने नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"नक्की?" बाबांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं.

पाय काही पहिल्यासारखा होणार नव्हता, डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. पण अपघातापासून बाबांनी झोपेची धास्तीच घेतली होती, रात्र रात्र छताकडे बघत पडायचे. त्या दुपारी मैथिलीचा हात धरून ते गाढ झोपले.