कोंडबंदरचा गाळ

कोंडबंदरात ड्रेजर शेवटचा दिसला त्याला तीन वर्षं झाली. आता गाळ उपसावा लागत नाही, तो आपला आपण निघून जातो, असं धक्क्यावरच्या सरकारी फलकावर लिहिलंय. हर्षद तांडेलाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

‘निघून जातो म्हणजे कुठं जातो? माहेरी?’ तो डॉ. शर्वरी दातारांना विचारी.

बंदराच्या प्रयोगशाळेतल्या दातारबाई न चिडता समजावत. गाळाचे कण एकमेकांना धरून बसतात ते सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या चिकट्यामुळे. बाईंनी घडवलेले जिवाणू तो चिकटाच खातात. गावात त्यांना ‘चिकटखाऊ’ म्हणत. मग कण सुटे होतात आणि ओहोटी त्यांना बाहेर नेते.

‘खोल समुद्रात, तांडेल.’

आता खोटं कशाला बोला, गावच्या चाळीस होड्या भर ओहोटीलाही धक्क्याला लागू लागल्या होत्या. तरी तांडेलाच्या मनात पाल चुकचुकायची थांबेना.

गणपतीनंतर तो दोन खाड्यांपलीकडे, तारवलीला लेकीकडे गेला. जावयाची होडी चिखलात रुतली होती.

‘दोन वर्षांत असं झालंय, बाबा,’ मयूरी म्हणाली. ‘अजून एक वर्ष, मग होडी विकायची.’

तांडेलाने शिशाच्या वजनाला खालून साबण फासला आणि दोरीने ते तळाशी सोडलं. धुक्यात वाट चुकली की जुने तांडेल, होड्यांचे म्होरके, असाच गाळ वर काढून, चाखून, कुठं आलो ते ओळखत. त्याने साबणाला चिकटलेल्या गाळाला जीभ लावली. कुजलेल्या सोडणांची तुरट चव. काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीत कुजवतात ती या किनाऱ्यावर फक्त कोंडबंदरात. लेकीला काही कळायच्या आत त्याने वजन धुऊन टाकलं.

‘गाळ तारवलीत जातोय,’ परतल्यावर त्याने बाईंना सुनावलं.

बाईंनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. ‘शंका होती मला. बंदर समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात. सही करा, जिवाणू मारून टाकते. पण एका पावसाळ्यात हा धक्का भरेल.’

‘तारवलीत कुणाला ठाऊक आहे?’

‘गाळ चाखणारं तिथं कुणी उरलंय का?’

तांडेलाने खिडकीतून धक्क्याला लागलेल्या चाळीस होड्या मोजल्या. सही त्याने केली नाही. लेकीला मात्र फोन लावला.

‘मयूरी, होडी घेऊन इकडे या. कायमचे. धक्क्याला जागा देतो.’

‘एकाएकी? आणि इथल्या बाकीच्यांनी काय करायचं?’

‘त्यांना यातलं काही सांगू नकोस,’ तांडेल बोलून गेला.

‘यातलं म्हणजे कशातलं, बाबा?’ मयूरीने विचारलं.