आवाज थांबला की क्रेन थांबते

क्रेनच्या शिडीला मी हात लावला, तोच मागून कुणीतरी म्हणाले, "ओ मॅडम, ऑफिस त्या बाजूला."

"ठाऊक आहे. तिकडूनच पळून आलेय."

तो पाहतच राहिला. कानामागे पेन्सिल, गळ्यात वॉकीटॉकी, आणि हसू दडवण्याचा फसलेला प्रयत्न… माझा खालचा माणूस तोच होता. उंचावरच्या केबिनमधून इमारतीची मागची बाजू मला दिसत नसे. तिथे डोळे त्याचे, हात माझे. नियम एकच: ओझे टेकेपर्यंत त्याने बोलत राहायचे. आवाज थांबला की क्रेन थांबते.

"खाली… खाली… खाली…"

तीन महिने तो एकच शब्द, शंभर तऱ्हांनी. बाबांनी दिलेली मुदतही तेवढीच. "हौस फिटली की काकाच्या कचेरीत बस. पदवी घेऊन लोखंड कसलं उचलतेस?"

आज दीड टन सळया पलीकडे उतरत होत्या, आणि मध्येच तो गप्प झाला. माझा हात जागीच थिजला.

"काय झालं? दातखीळ बसली?"

"तुमचे वडील आलेत. सोमवारी कचेरीत रुजू व्हायचंय म्हणे… खरंच जाणार?"

"ओझं हवेत असताना असलं विचारतात?"

"जमिनीवर विचारायचा धीर होत नाही."

मध्येच मुकादम खेकसले, "अरे, सगळे ऐकतायत! लग्नाचं मागाहून ठरवा, आधी सळया उतरवा!"

तारेतून, दांड्यातून ते सारे वजन माझ्या तळहाताशी येऊन शांत उभे होते. वर्षानुवर्षे नुसती पाने उलटणारे हे हात… त्यांना कुणी कधी एवढे काही सोपवलेच नव्हते. आणि ते सोडायला मी तयार नव्हते. कुणासाठीच नाही.

"खाली ये," आता आवाज बाबांचा. "शेवटचं सांगतोय."

"पाचला सुट्टी होते बाबा, तेव्हा उतरेन. उद्या पुन्हा चढेन."

"आणि सोमवारी?"

"सोमवारीसुद्धा."

"मी हे ऐकून घेणार नाही!"

"मग ऐकू नका, नुसतं बघा. पण आधी डोक्यावर हेल्मेट घाला."

खरखर झाली. मग ओळखीचा श्वास.

"माझं दिलंय त्यांना."

"आणि तुम्ही?"

"मी… तुमच्या भरवशावर. आज नाही, केव्हापासूनच."

वाऱ्याने केबिन किंचित डोलली. वाराच असावा.

"बोला मग," मी म्हटले. "थांबू नका."

"खाली… खाली… हळू… टेकलं."

नियमाप्रमाणे आता त्याने गप्प व्हायला हरकत नव्हती.

तो बोलतच राहिला.