आत आहे

आधीच सांगते, ही कुणाच्या मित्राच्या मित्राची गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. मावशी ठणठणीत आहे आणि थापा मारणाऱ्याला ती दारातही उभं करत नाही.

अमावास्येची रात्र, कुत्र्यांचं रडणं, असलं काही हवं असेल तर इथेच थांबा.

हे सगळं भर दुपारी घडलं. पाळी बदलायच्या वेळी. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, डोक्यावर झगझगीत ट्यूबलाइट चालू असताना...

मावशीच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे बनतात. वेल्डिंग रोबोट करतात. ज्या रोबोटची ही गोष्ट आहे, त्याचं कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं, पण शेडमध्ये सगळे त्याला सोंड्या म्हणायचे. हात तसाच होता. लांब, वाकडा, पुढे नळी.

सोंड्या जाळीच्या पिंजऱ्यात. कामगार बाहेर. पाइपचे तुकडे टेबलावर बसवायचे, मागे सरायचं, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. टेबल गर्रकन फिरून पिंजऱ्यात जातं आणि सोंड्या कामाला लागतो.

आता एक नियम समजून घ्या. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

दुरुस्तीसाठी पिंजऱ्यात शिरायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा. मग त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच बाहेर येऊन काढायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

कुलूप दिसलं की समजायचं, आत माणूस आहे.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याच शेडमध्ये फिटर होते. सगळ्यांची कुलपं सारखीच, म्हणून त्यांनी आपल्या कुलपावर मावशीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिला होता. पोरांनी काय कमी चिडवलं असेल! काका हसायचे. "बायकोचा शिक्का आहे रे, कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

काका असेच. घरी एकच न्हाणीघर. दार वाजवलं की आतून भसाड्या आवाजात ओरडायचे, "आत आहे!" कारखान्यातही कुलूप घातलं की तेच. दांडा दोनदा ओढून बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आत आहे रे!"

त्याच सोंड्याच्या पिंजऱ्यात काका गेले.

कुलूप न लावताच आत शिरले, असं सगळ्यांनी सांगितलं. मागे दार लागलं, कुणीतरी मशीन चालू केलं... पुढचं मी लिहीत नाही. त्यांच्या खिशात किल्ली होती, पण कुलूप कुठेच सापडलं नाही. कुठेतरी हरवून बसला असेल आणि तसाच आत गेला असेल, असं ठरलं.

तेव्हापासून नव्या कामगारांना सुरक्षेचं शिकवताना काकांचं उदाहरण देतात. निष्काळजीपणा केला की काय होतं बघा, म्हणून. मावशी नोकरीला लागली तेव्हा तिलाही तिथे बसून ते ऐकावं लागलं. खाली मान घालून.

पण तिच्या जिवाला खरी टोचणी वेगळीच होती.

त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. क्षुल्लक कारणावरून. काका डबा न घेता तणतणत निघून गेले. आपल्या भांडणामुळेच त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणूनच ते कुलूप विसरले, हे मावशीने मनाशी धरलं. अन्न गोड लागेना तिला. डब्याकडे बघितलं तरी रडायची.

या सगळ्यात आधार होता तो फक्त भाऊजींचा.

भाऊजी म्हणजे काकांचे जिवलग मित्र, त्याच शेडचे सुपरवायझर. काका गेल्यावर मावशीला नोकरी त्यांनीच लावून दिली. सुट्टीच्या दिवशी हमखास जेवायला यायचे. मावशी त्यांच्या ताटात दोनदा भाजी वाढायची आणि सांगायची, "पाठचा भाऊ नाही मला, पण हे आहेत."

मावशीला त्यांनी पॅकिंगमध्ये ठेवलं होतं. सोंड्यापासून लांब. ती म्हणायची, किती जपतात मला!

एकदा भाऊजी रजेवर असताना सोंड्यावरची बाई आजारी पडली. मावशीला तिथे उभं केलं गेलं. तिने पदर खोचला, मनात काकांना नमस्कार केला आणि कामाला लागली.

सकाळ सुरळीत गेली.

दुपारी पाळी बदलायचा भोंगा झाला...

आणि सोंड्या मध्येच थांबला.

स्क्रीन काळी. दिवे बंद. पंख्याची घरघरसुद्धा नाही. पण मेन स्विचचा दांडा चालूवरच होता.

मावशी बघतच राहिली. वेल्डिंगची जागा डावीकडे, आणि सोंड्याची नळी वळली होती उजव्या कोपऱ्यातल्या खांबाकडे. पिंजऱ्याची जाळी धरून ठेवणारा चौकोनी पाइप, वरून उघडा.

शेडमध्ये एवढा गोंगाट, तरी तिला स्पष्ट ऐकू आलं...

खट्.

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग... कड्क!

आणि मग त्या खांबाच्या आतून काहीतरी आपटत आपटत खाली गेल्यासारखं...

खण... खण... खण... टप्.

लगेच दिवे आले. सोंड्या जणू काही झालंच नाही असा वेल्डिंग करू लागला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने वायरमनला बोलावलं. हा मोठा मिश्कील प्राणी.

"काकू, सोंड्यालाही जेवणाची सुट्टी लागते वाटतं!"

पण भोंगा झाला, मशीन मेलं, आणि दांडा चालूवरच बघून त्याचं हसू मावळलं. त्याने सगळ्या वायरी तपासल्या. कुठेच काही सापडेना.

"कुणीतरी मेन बंद केल्यासारखा बसतोय हा," तो पुटपुटला. "आणि बंद करणारा तर कुणी दिसत नाही."

आवाज मात्र त्याला ऐकू आले नव्हते.

सुट्टीच्या दिवशी भाऊजी जेवायला आले. मावशीने सगळं सांगितलं. खट्, मग कड्क, मग खांबातला आवाज.

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"सोंड्यावर तुम्हाला कुणी उभं केलं?" ते एवढंच बोलले. मग पाणी प्यायले, आवाज मऊ केला. "वहिनी, मन थाऱ्यावर नसलं की असे भास होतात. त्याचंही त्या दिवशी तसंच झालं ना? सकाळी घरून वाद घालून आला, लक्षच नव्हतं त्याचं. तुम्ही तरी सांभाळा."

 मावशीने मान खाली घातली आणि त्यांना भात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पॅकिंगला.

पण झोप उडाली ती उडालीच. खट्... हा आवाज ओळखीचा होता. कुठे ऐकलाय, आठवेना. एके सकाळी कामाला निघताना तिने घराला कुलूप घातलं आणि दारातच थिजली.

खट्.

कुलूप लागल्याचा आवाज होता तो!

काकांनी कुलूप लावलं होतं? मग ते कड्क कसलं? आणि खांबात पडलं ते काय?

कुणाला विचारणार? भाऊजींना विचारायचं धाडस होईना. खरं सांगायचं तर, उत्तर ऐकायचं धाडस होईना.

तेवढ्यात बातमी आली की नवे रोबोट येणार, सोंड्याला विकलंय. पिंजरा मोडायला घेतला. भाऊजी स्वतः उभे राहून काम करून घेत होते. सुपरवायझर माणूस, हातमोजे घालून! मावशी पॅकिंग सोडून तिथे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, तुमचं काय काम इथे?"

"बघते नुसती."

जाळ्या निघाल्या. तीन खांब निघाले. चौथ्याला हात घालायला गेले तसे भाऊजी पुढे झाले.

"तो राहू द्या. तो मी बघतो."

"साहेब, दोनच बोल्ट आहेत," फिटर म्हणाला आणि पान्याने ते सोडवूनही टाकले. दोघांनी खांब आडवा केला.

आणि आतून...

खण... खण... खण...

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. वायरमननेसुद्धा.

"भंगारात टाका रे तो!" भाऊजी ओरडले.

"उलटा करा," मावशी म्हणाली.

"वहिनी..."

"उलटा करा म्हणते ना!"

बाई आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. पोरांनी खांब उचलून तिरका धरला. गंज पडला, धूळ पडली, आणि तिच्या पायाशी एक कुलूप येऊन पडलं.

मावशीने पदराने पुसलं. एका बाजूला गुलाबी ठिपका. अर्धा उडालेला, पण तोच.

कुलूप बंद होतं.

त्याची कडी एका बाजूने कापलेली होती. लोखंड कापायच्या मोठ्या कात्रीने कापतात तशी. कड्क!

काकांची किल्ली तिच्या जुडग्यात होती. इतकी वर्षं उगाच बाळगलेली. तिने ती कुलपात घातली आणि फिरवली.

खट्... कुलूप उघडलं.

 भाऊजी मटकन तिथल्याच खोक्यावर बसले.

"मला वाटलं, तो घरी गेला," ते म्हणाले. "वहिनी, शपथेवर सांगतो. मागे एकदा कुलूप तसंच ठेवून घरी गेला होता ना तो? भोंगा झाला होता, पुढची पाळी खोळंबली होती. मला वाटलं, पुन्हा विसरला. कापलं. कुणाला दिसू नये म्हणून खांबात टाकलं. दार ओढलं. स्विच वर केला..."

"आत बघितलं नाहीत?"

"तो टेबलाच्या मागे खाली वाकलेला होता. दिसला नाही."

"हाक मारलीत?"

भाऊजी हातमोजे काढू लागले.

"एक हाक, भाऊजी. 'आत आहे' म्हणून ओरडले असते हो ते! घरी न्हाणीघरात ओरडायचे, तसे ओरडले असते."

भाऊजी रडायला लागले. मावशीला रडू आलं नाही. नंतर ती मला म्हणाली, "चूक झाली असं त्याच दिवशी येऊन सांगितलं असतं ना, तर मी छाती पिटली असती, शिव्या घातल्या असत्या, आणि कधीतरी माफही केलं असतं. माणसाच्या हातून होतं."

पण मग तिला भांडणाचं आठवलं.

त्या सकाळच्या भांडणाचं तिने फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं. भाऊजींना. काका गेले त्या संध्याकाळी, त्यांच्यासमोर हंबरडा फोडून. माझ्यामुळे गेले हो, म्हणून. आणि भाऊजींनी तेच घेतलं. जपून ठेवलं. ती जरा सावरली, जरा हसायला लागली, की हळूच बाहेर काढलं. 'त्याचं लक्षच नव्हतं, वहिनी.' तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवता जेवता.

"तुम्ही केसाने गळा कापलात माझा," मावशी एवढंच म्हणाली. "आणि मी तुम्हाला वाढत होते."

भाऊजी दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. कुठे गेले, ठाऊक नाही. ऑफिसने मावशीचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि चौकशी करू असं सांगितलं. काकांचं उदाहरण तेवढं शिकवण्यातून काढलं. माफी? नाव नको. साहेब म्हणे, आता जुनं कशाला उकरायचं! माझं डोकं फिरतं आठवलं की.

सोंड्याला ट्रकवर चढवून नेलं. कुठल्या गावी, कोण घेणारा, मावशीने खूप विचारलं. कुणी सांगितलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खरं बाहेर आलं. काका सुटले असतील असं आम्ही सगळे म्हणालो.

मावशीने ते कुलूप घरी आणलं. साफ केलं, तेल घातलं, किल्लीने उघडलं आणि काकांच्या फोटोखालच्या खिळ्याला तसंच उघडं अडकवलं. म्हणाली, "आता या बाहेर. झालं काम तुमचं."

रोज दुपारी, भोंग्याच्या वेळी, ते बंद होतं.

मी स्वतः बघितलंय. सुट्टी काढून मुद्दाम गेले होते. मावशी आणि मी, दोघी समोर बसलो होतो. किल्ली माझ्या मुठीत होती. खिडक्या बंद, वाराही नाही...

खट्.

कापलेली कडी आपोआप आत गेली होती. आणि मग कुलूप दोनदा हललं. कुणीतरी ओढून बघितल्यासारखं.

मी किंचाळले. मावशी हलली नाही. तिने किल्ली माझ्या हातातून घेतली, कुलूप उघडलं, परत खिळ्याला लावलं. सवयीचं काम केल्यासारखं.

मग डोळे मिटून म्हणाली, "मला काकांची भीती नाही वाटत गं. भीती वाटते ती तिथल्या माणसांची. सोंड्या आता कुठेतरी चालू असेल. पाळी बदलत असेल. घाई असेल. आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नाही..."

"काय, मावशी?"

"हे अजून आत आहेत."